नावातल्या ‘ळ’चं काय करायचं? नामाक्षरी आणि शब्दकोडी रचायची माझी रीत

चौथीच्या वर्गात एकदा मी मुलांना सांगितलं, आपापल्या नावाची अक्षरं पाटीवर एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक अक्षरापासून एक ओळ सुरू करा. शाळा वाई तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची. सुमन, दीपक, राजू यांच्या ओळी पाच-दहा मिनिटांत झाल्या. कमळ नावाची मुलगी मात्र पाटी मांडीवर पालथी घालून बसली होती. जवळ गेले तर म्हणाली, ‘‘बाई, ‘क’ झाला, ‘म’ झाला. ‘ळ’ने काय सुरू होतं?’’

काहीच होत नाही. त्या क्षणापर्यंत हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. उद्या सांगते म्हणाले आणि घरी जाऊन शब्दकोश उघडला. ‘ळ’चं पान म्हणजे जवळजवळ रिकामी जागा. मराठीत ‘ळ’ मधे येतो, शेवटी येतो, पण शब्दाच्या दारात कधी उभा राहत नाही. रात्री भाकरी थापताना सुचलं: ओळ ‘ळ’ने सुरू होत नसेल तर ‘ळ’वर संपवावी. ‘ओळ’ या शब्दातही तो शेवटीच तर बसलाय! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून हे लिहिलं:

कळशी घेउन आई निघते,
मळ्यात अजुनी झोपे वारा;
पाउल वाजे, होते सकाळ.

पहिल्या दोन ओळींची पहिली अक्षरं आणि तिसरीचं शेवटचं. कमळने ती पाटी दोन दिवस पुसू दिली नाही.

मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. एकसष्टी, बारसं, शाळेचा निरोप समारंभ, असं काही असलं की लोक फोन करतात, ‘‘बाई, नावावरून चार ओळी द्या ना.’’ गणपतीत मंडळाच्या पुस्तिकेसाठी शब्दकोडं मीच करते. कसं करता, असं विचारणाऱ्यांना दर वेळी तोंडी सांगायचे, ते आज एकदा नीट लिहून काढते. कुणी याला आद्याक्षरी म्हणतं, कुणी नामाक्षरी. मी नामाक्षरी म्हणते, कारण बहुतेक वेळा समोर कुणाचं तरी नाव असतं.

आधी अक्षरं मोजायला शिका

रोमन लिपीत एकेक खूण सुटी असते. मराठीत अक्षर म्हणजे व्यंजन, त्याची काना-मात्रा-वेलांटी आणि डोक्यावरचा अनुस्वार, हे सगळं मिळून एक घर. ‘स्वाती’त दोन अक्षरं: स्वा, ती. ‘वैजयंती’त चार: वै, ज, यं, ती. ‘यं’मधला अनुस्वार वेगळा काढता येत नाही आणि ‘ती’ची वेलांटीही सोलून ठेवता येत नाही. माझ्या नातवाने एकदा संगणकावर शब्दकोडं करायची सोय शोधून दिली. त्या यंत्राने ‘की’चा ‘क’ एका चौकोनात टाकला आणि वेलांटी शेजारच्या चौकोनात लोंबत ठेवली. ते इंग्रजीच्या हिशोबाने बांधलेलं होतं. तेव्हापासून मी गणिताची चौकडीची वही, पेन्सिल आणि खोडरबर यांवरच आहे. संगणकावर करायचंच असेल तर तक्त्याच्या एकेका घरात स्वतःच्या हाताने पूर्ण अक्षर टाका, म्हणजे ते फुटत नाही.

पुढची सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे. आपल्या कोड्याचं एकक अक्षर आहे, आणि त्याचे हट्ट आधी ओळखून घ्यावे लागतात.

ङ, ञ, ण आणि ळ शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. ‘ण’ने सुरू होणारा एकच शब्द मला माहीत आहे, णमोकार, आणि तो प्राकृतातल्या मंत्राचा आहे. जैन घरातल्या कार्यासाठी लिहीत असाल तर तो शोभेल, एरवी ओढून आणू नका. किरण, चरण, बाळ, कमळ या नावांची शेवटची ओळ त्या अक्षरावर संपवावी. ‘ण’ला अंगण, तोरण, साठवण, आठवण असे कितीतरी सुंदर शब्द आहेत. ‘ळ’ला सकाळ, आभाळ, ओंजळ, दरवळ. खरं सांगायचं तर नावात ‘ळ’ आला की मला आनंदच होतो, शेवटची ओळ आपोआप मऊ होते.

ऐ, औ, ठ, ढ, ऋ यांना लोक उगाच घाबरतात. ऐन, ऐट, ऐपत, ऐरण, औत, औक्षण, औदुंबर, ठेव, ठसा, ठिणगी, ठाव, ढग, ढोली, ढीग, ऋतू, ऋण. यादी वहीत लिहून ठेवली की भीती जाते.

दुसरा हट्ट ऱ्हस्व-दीर्घाचा. नावाचं शेवटचं अक्षर ‘ती’, ‘नी’, ‘मी’ असं दीर्घ असतं, कारण मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा नियम आहे. आता ओळ ‘ती’ने सुरू करायची आणि पहिला शब्द लिहायचा ‘तिखट’, हे चालत नाही. मग दीर्घ ‘ती’ने सुरू होणारा शब्द मिळवायचा कुठून? व्याकरणाचा दुसरा नियम इथे कामाला येतो. शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार साधारणपणे दीर्घ असतो. तीळ, तीट, तीन, तीर, मीठ, नीट, पीठ, जीभ, वीट, भीड. म्हणून नावाच्या शेवटी दीर्घ अक्षर असलं की मी सरळ दोन अक्षरी शब्दांकडे वळते. ‘गुण’, ‘विष’ यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत, तेवढं लक्षात असू द्या.

तिसरा हट्ट जोडाक्षरांचा, तो सगळ्यांत अवघड. ‘प्राजक्ता’तल्या ‘क्ता’ने काय सुरू होणार? मी अनेक वर्षं जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन घेत आले: प्रा, ज, ता. ‘दत्ता’ला द, ता. ‘लक्ष्मी’ला ल, मी. पण कृष्णाकाठी राहून ‘कृष्णा’ची नामाक्षरी मला दहा वर्षं जमली नाही, कारण ‘ष्णा’चं शेवटचं व्यंजनही ‘ण’च. ‘तृष्णा’वर ओळ संपवून पाहिली, पण ती नदीच्या ओळीत काही बसेना. या जोडाक्षराचा एक वेगळा तोडगा मला अलीकडे सापडला, तो शेवटी सांगते.

विशेषणं बाजूला, वस्तू हातात

नामाक्षरी सगळ्यांत जास्त बिघडते ती ‘मनमिळाऊ’ या शब्दाने. नावात ‘म’ असला की मनमिळाऊ, ‘द’ असला की दयाळू, ‘स’ असला की सुस्वभावी. अशा ओळी कुणाच्याही नावाला लावता येतात, म्हणून त्या कुणाच्याच राहत नाहीत. ज्या बाईने चाळीस वर्षं पहाटे उठून डबे केले तिला ‘कष्टाळू’ म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून मी लिहायला बसण्याआधी घरच्या माणसांना तीन प्रश्न विचारते. त्यांच्या हातात नेहमी काय असतं? त्या कुठला शब्द सारखा वापरतात? कशावरून रागावतात? तिसऱ्या प्रश्नाला माणसं थोडी हसतात आणि मग खरं बोलायला लागतात.

आमच्या गल्लीतल्या इंदुमतीकाकूंचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा पाहायला सुमारे ८१ वर्षं लागतात, आणि त्यांच्या नावातच ‘इंदू’, म्हणजे चंद्र. मला वाटलं, आयतं मिळालं! चंद्र, चांदणं, पौर्णिमा असलं सगळं लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर त्यात काकू कुठेच नव्हत्या. मग त्यांच्या लेकीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘बाई, आईच्या हातात सुई असते हो. दुपारी झोपत नाही. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवते. आमच्या, मग आमच्या पोरांच्या, आता नातसुनेच्या बाळाची चाललीय.’’ चंद्र सोडून दिला आणि वाकळ धरली.

अक्षरं: इं, दु, म, ती. प्रत्येकाखाली आधी फक्त शब्दांची रास घातली, ओळी नाहीत. ‘इं’खाली इंद्रधनू, इंच, इंगळ. ‘दु’खाली दुपार, दुलई, दुवा, दुरडी, दुमड. ‘म’खाली मन, मऊ, मग, मळका. ‘ती’खाली तीर, तीळ, तीट, तीन. मग वाकळेशी ज्याचं नातं जुळतं ते शब्द ठेवले. रंगीबेरंगी तुकडे म्हणून इंद्रधनू. शिवण्याची वेळ म्हणून दुपार. लुगडी धुऊन धुऊन मऊ झालेली. आणि पिढ्या तीन.

इंद्रधनूची वाकळ शिवली,
दुपार टाके मोजत बसली;
मऊ जुन्या त्या लुगड्याखाली
तीन पिढ्यांची थंडी निजली.

चौथी ओळ आधी ‘तीन पिढ्यांची ऊब निजली’ होती. म्हणताना अडखळले. मात्रा मोजल्या तर बाकीच्या ओळींत १६ आणि हिच्यात १५. ‘ऊब’च्या तीन मात्रा, ‘थंडी’च्या चार. शब्द बदलला तशी मात्रा भरलीच, आणि अर्थही जास्त चांगला झाला: ऊब निजत नाही, थंडी निजते. मात्रा मोजायची रीत सोपी आहे. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, अनुस्वार असेल तर दोन, आणि पुढे जोडाक्षराचा आघात येत असेल तर आधीच्या ऱ्हस्वाच्याही दोन. ‘इंद्र’ म्हणजे तीन. ‘लुगड्या’मधल्या ‘ग’वर आघात येत नाही, म्हणून त्याची एकच. बोटांवर ताल धरून म्हणून पाहिलं तरी चुकलेली ओळ लगेच कळते. छंद नको असेल तर मुक्त लिहा, पण मग ओळी एकमेकींना विचित्र लांब-आखूड होऊ देऊ नका.

ओळी झाल्या की मी डाव्या हाताचा तळवा पहिल्या अक्षरांच्या रांगेवर ठेवते आणि कविता म्हणते. अक्षरं झाकल्यावरही ओळी मनाला लागल्या तरच ती ठेवायची. केवळ अक्षर जुळवण्यासाठी एखादा शब्द आत आला असेल तर तो त्या वेळी दगडासारखा पायात येतो.

दुसरं म्हणजे, समारंभात कविता ऐकली जाते, आणि ऐकणाऱ्याला पहिली अक्षरं दिसत नाहीत. म्हणून ती आधी नुसती वाचून दाखवा. मग चौकटीतली प्रत हातात द्या. अक्षरं लाल शाईने रंगवायचा मोह मी टाळते. काकूंनी कागद घेतला, चष्मा वर केला, आणि थोड्या वेळाने त्यांचं बोट डाव्या कडेवरून सावकाश खाली आलं. तो क्षण लाल शाईने त्यांच्यापासून हिरावला असता.

जुन्यांचा खेळ

हे काही नवं नाही. संस्कृतात याला चित्रकाव्य म्हणत आणि त्याचे कितीतरी प्रकार होते. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हा श्लोक आठवत असेल: ‘कं संजघान कृष्णः, का शीतलवाहिनी गङ्गा, के दारपोषणरताः, कं बलवन्तं न बाधते शीतम्’. चार प्रश्न आहेत आणि चारही उत्तरं त्याच अक्षरांत आहेत, फक्त तोडणी बदलायची. कृष्णाने कुणाला मारलं? कंसाला. थंड पाण्याची गंगा कुठली? काशीच्या भूमीवरून वाहणारी. बायकामुलांच्या पोषणात कोण रमलेले? केदार म्हणजे शेत पोसणारे. कुठल्या बलवंताला थंडी बाधत नाही? ज्याच्याकडे कंबल आहे त्याला. याला अंतर्लापिका म्हणतात.

याच धाटणीचा सोपा खेळ मराठीत मुलांसाठी करता येतो. दोन शब्दांच्या सांध्यात तिसरा लपवायचा. ‘हवा घरात आली.’ ‘पाऊस साठला.’ ‘पैसा पडला.’ या तीन वाक्यांत तीन प्राणी आहेत: ह-वाघ-रात, पाऊ-ससा-ठला, पै-साप-डला. करायची रीत उलटी आहे. आधी ‘वाघ’ घ्यायचा आणि मधोमध तोडायचा, मग ‘वा’वर संपणारे शब्द (हवा, दिवा, रवा, थवा) आणि ‘घ’ने सुरू होणारे शब्द (घर, घसा, घडा) समोरासमोर मांडायचे. जी जोडी सहज वाक्यात बसेल ती ठेवायची. ‘नमो रघुनाथा’त मोर आहे, तो एका तिसरीतल्या मुलाने प्रार्थनेच्या वेळी शोधला.

बारामतीचे मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी १०८ रामायणं रचली असं सांगतात. त्यातलं एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठ न मिटता म्हणायचं. प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे रामाची कथा, पण ‘राम’ हे नाव घ्यायचं नाही! मुलांना मी हे सांगते आणि ओठांत एक काडी आडवी धरायला देते. त्या काडीसकट स्वतःची ओळख करून द्यायची. ‘आई’ चालते, ‘बाबा’ चालत नाही, मग ‘वडील’ आठवावा लागतो. ‘माझं’ अडतं. एका तासात मुलांच्या तोंडात जेवढे प्रतिशब्द येतात तेवढे महिनाभर समानार्थी शब्द पाठ करून येत नाहीत.

उलटसुलट वाचायची वाक्यं सगळ्यांना माहीत असतात: ‘ती होडी जाडी होती’, ‘रामाला भाला मारा’, ‘टेप आणा आपटे’. ती अक्षरांनी उलटतात, हे मुलांना फळ्यावर दाखवा. ‘चिमा काय कामाची’ मात्र तपासून पाहा. सुरुवातीला ऱ्हस्व ‘चि’, शेवटी दीर्घ ‘ची’. बोलताना खपतं, लिहिताना नाही.

डोकं, पोट, पाय

तीन अक्षरी शब्दाचं एकेक अक्षर काढत जायचं कोडं खेड्यापाड्यांत अजून घातलं जातं, आणि मला ते फार आवडतं. उत्तम शब्द तो, ज्याचं पहिलं, मधलं, शेवटचं, कुठलंही अक्षर काढलं तरी उरलेल्या दोघांचा शब्द होतो. असे शब्द थोडे आहेत. मला सापडलेल्यांत सगळ्यांत लाडका ‘भाकर’. पहिलं काढा, कर. मधलं काढा, भार. शेवटचं काढा, भाक. त्याचं कोडं असं केलं:

तीन अक्षरी मी, तव्यावर फुगते.
डोकं उडवा, सरकार मागते.
पोट काढा, हमालाच्या पाठी बसते.
पाय तोडा, दिला शब्द होऊन राहते.

सूत्र लिहिताना तिन्ही तुकडे वेगवेगळ्या जगातले घ्या: एक कचेरीतलं, एक बाजारातलं, एक मनातलं. म्हणजे डोकं चालवावं लागतं. तुमच्यासाठी आणखी तीन: एक ताटात वाढतात, एकात माणसं राहतात, एक खांद्यावरून येतो. (वरण: रण, वण, वर. नगर: गर, नर, नग. पदर: दर, पर, पद.) असे शब्द शोधायला र, न, ण, त, क या काना-मात्रा नसलेल्या अक्षरांचे शब्द चाळा.

‘नगर’वरून आठवलं. एका वेळी एकच अक्षर बदलत एका शब्दावरून दुसऱ्यावर जायचं, अशी शिडी मी सातवीला घातली होती: नगर ते मांजर. माझी शिडी होती नगर, नजर, गजर, गाजर, मांजर. एका मुलीने दोनच उड्यांत केलं: नगर, नजर, मांजर. तिचं बरोबर होतं. तेव्हापासून शिडी देण्याआधी मी ती दुसऱ्या माणसाकडून चढवून घेते. लहानांना दोन अक्षरी द्या. घर ते वन: घर, वर, वन. घर ते रान: घर, घन, रान.

आता चौकटीचं शब्दकोडं

आडव्या-उभ्या शब्दांचं कोडं पहिल्यांदा छापून आलं ते २१ डिसेंबर १९१३ रोजी, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात. करणारा आर्थर विन. ते हिऱ्याच्या आकाराचं होतं. तिथून ते जगभर गेलं. इंग्रजीत १५ गुणिले १५ची चौकट सहज भरते, कारण शब्दच लांब पडतात. मराठी शब्द अक्षरांत मोजले की दोन, तीन, फार तर चार-पाच घरांचे होतात. म्हणून मोठ्या चौकटीच्या मागे लागू नका. ७ गुणिले ७ पुष्कळ झाली. त्याहून मोठी केली की काळे चौकोन तरी वाढतात किंवा नको ते शब्द तरी भरावे लागतात.

हात बसवायला तीन गुणिले तीनपासून सुरुवात करा, आडवं-उभं एकच वाचता येईल असं:

न ग र
ग व त
र त न

आडवं नगर, गवत, रतन, उभंही तेच. पहिला शब्द ठरला की त्याचं दुसरं आणि तिसरं अक्षर पुढच्या ओळींची पहिली अक्षरं होतात. म्हणून पहिल्या ओळीत ‘पोरकट’ अक्षरं घ्या, म्हणजे जी कुणाशीही खेळतात: क, ग, न, प, म, र, स. यातही ‘र’ सगळ्यांत गुणी.

मोठी चौकट भरताना तीन गोष्टी मी सांभाळते. ‘ळ’ आणि ‘ण’ उजव्या उभ्या रांगेत किंवा तळाच्या ओळीत टाकायचे. डाव्या रांगेतलं प्रत्येक अक्षर आडवा शब्द सुरू करतं आणि वरच्या ओळीतलं उभा, तिथे हे दोघे बसले की कोडं अडलं. उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘सकाळ’ आणि ‘केवळ’ एकाच ‘ळ’वर छान भेटतात.

शब्द शक्यतो काना-मात्रा नसलेल्या अक्षरांवर छेदायचे. ‘चांदणे’ आणि ‘चादर’ पहिल्या अक्षरावर एकमेकांना छेदू शकत नाहीत, कारण ‘चां’ आणि ‘चा’ ही दोन वेगळी घरं आहेत. एका वर्षी पुस्तिकेत मी ‘पणती’ आणि ‘तिखट’ एकाच घरात भेटवले. छापून झाल्यावर लक्षात आलं. त्या आठवड्यात मला पाच फोन आले, त्यात एक सहावीतल्या मुलाचा. मला त्या पोराचा अजून अभिमान वाटतो. ‘तिखट’ काढून ‘तीळ’ घातला असता तर सगळं जुळलं असतं.

आणि भरताड कमी. घर अडलं की कोडी करणारे अज, खग, कच असे संस्कृत तुकडे घालतात. बोकडाला ‘अज’ म्हणणारा माणूस मला आयुष्यात भेटलेला नाही. एका कोड्यात असे दोनच चालवून घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी माजघरात जा: वैल, शिंकं, फुंकणी, रोळी, उखळ, उंबरा, फडताळ, दुरडी. ‘चुलीशेजारची धाकटी चूल’ असं सूत्र दिलं की साठीच्या पुढच्या बायका ताबडतोब ‘वैल’ लिहितात आणि नातवंडं विचारतात, आजी, ते काय असतं? कोड्याच्या निमित्ताने आजी आणि नातू एका कागदावर वाकतात, याहून जास्त मला काही नको असतं.

सूत्रं सगळ्यांत शेवटी लिहा. उत्तर नाम असेल तर सूत्रही नामासारखं हवं, क्रियापद असेल तर क्रियापदासारखं. अनेकवचन असेल तर ते सूत्रातही दिसलं पाहिजे. उत्तरातलाच धातू सूत्रात वापरू नका. ‘गवत’ला ‘गुरांचं खाद्य’ म्हणता येईल, पण ‘चारा’, ‘वैरण’, ‘कडबा’ही तेच आहे. ‘दसऱ्यानंतर डोंगरावर पिवळं पडतं’ म्हटलं की एकच राहतं. सगळं झालं की ताज्या कागदावर रिकामी चौकट काढून ती घरातल्या एकाला सोडवायला द्या आणि आपण शेजारी गप्प बसा. जिथे त्याची पेन्सिल थांबते आणि उत्तर कळल्यावर तो ‘अरे हो!’ म्हणतो, ते सूत्र चांगलं. ‘असं होय’ म्हणाला तर बदला.

जोडाक्षराचा तोडगा

राहिलं ते जोडाक्षर. गेल्या जूनमध्ये कमळचा फोन आला. तीच, ‘ळ’वाली. आता तिची मुलगी चौथीत आहे, नाव मृण्मयी. ‘‘बाई, हिला नामाक्षरी करून द्या, शाळेत लावायचीय.’’ मृ, ण्म, यी. ‘मृ’ला मृग मिळाला, पावसाचे दिवसच होते. ‘ण्म’चा जुन्या सवयीने ‘म’ घेतला. ‘यी’ने काही सुरू होत नाही, म्हणून ‘पायी’वर ओळ संपवली. पहिली ओळ केली ‘मृगात ओली वाट निघाली’ आणि पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी मृण्मयीने स्वतः फोन केला. म्हणाली, ‘‘आजी, माझा ‘ण’ कुठे गेला?’’

पुन्हा पाटी घेऊन बसले. ‘ण’ ओळीच्या शेवटी बसतो, हे तर मीच तिच्या आईला शिकवलं होतं. मग जोडाक्षर मधोमध तोडून अर्धं आधीच्या ओळीच्या शेवटी आणि अर्धं पुढच्या ओळीच्या सुरुवातीला ठेवलं तर? ‘ण’ पहिल्या ओळीच्या टोकाला, ‘म’ दुसरीच्या आरंभी, वाचताना दोघे शेजारी. प्राजक्ताचा ‘क्’, दत्ताचा ‘त्’, सगळ्यांनाच ही जागा मिळेल. कृष्णेचंही आता होईल असं वाटतंय: ‘कृ’ने सुरू होऊन ‘ष’वर संपणारी ओळ, आणि पुढची ‘णा’वर संपणारी. मृण्मयीला पाठवलेल्या तीन ओळी अशा:

मृगात ओले सगळे अंगण,
मऊ मऊशा चिखलामधुनी
लेक नि आई येती पायी.